अंगावरून वारं गेलं

वाचकहो, दिवाळीचा अंक म्हणजे फराळाचे ताट. त्यात कोणी कथेचा लाडू मांडतो, कोणी विनोदाची खुसखुशीत चकली. या सदराच्या वाट्याला दरसाल एखाद्या शब्दाची करंजी येते. वरून साधे आवरण आणि आत जमेल तेवढे सारण. यंदा मात्र जो वाक्प्रचार घेऊन आलो आहे तो गोड नाही. तरीही तो सणाच्या दिवसांतच सांगायला हवा असे मला वाटते. का, ते शेवटी कळेल.

आमच्या टेंभुर्णीकडे एखाद्या माणसाचा हातपाय लुळा पडला, तोंड वाकडे झाले, की म्हणतात, “त्याच्या अंगावरून वारं गेलं.” शहरातले लोक पक्षाघात म्हणतात, कोणी अर्धांगवायू म्हणतात, कोणी लकवा. अर्धांगवायूतला वायू आणि आमचे वारे एकाच घरचे. आयुर्वेदाने हा विकार वाताच्या रोगांत घातला, त्याची ही आठवण. वीस वर्षे मी वर्गात हा वाक्प्रचार शिकवत आलो. ‘बघा, लोकभाषेत केवढी कल्पकता आहे!’ असे म्हणून मुलांकडून माना डोलावून घेत आलो. ज्या दिवशी ते वारे आमच्याच घरात शिरले, त्या दिवशी माझी एम.ए.ची पदवी काडीच्याही उपयोगाला आली नाही.

आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. वडील लवकर गेल्यावर त्यांनीच मला शिकवले. स्वतः ऊस लावला, पाण्याच्या पाळीसाठी रात्री जागवल्या आणि मला कॉलेजात पाठवले. नेमाने वारी करणारा माणूस. व्यसन म्हणाल तर तंबाखूची चंची तेवढी कमरेला. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी ओट्यावर बसले असताना ते म्हणाले,

“मास्तर, आज एक गंमत झाली. डाव्या डोळ्यापुढं दुकानाचं शटर खाली ओढावं तसा अंधार आला बघ. पाच मिनिटांनी आपोआप वर गेला.”

“अण्णा, तुम्हाला पित्त झालंय,” मी म्हणालो. “जागरणं कमी करा. आणि चष्म्याचा नंबर बदलला असेल, तोही तपासून घ्या.”

त्यांनी मान डोलावली. धाकटा भाऊ प्राध्यापक, तो म्हणतो म्हणजे खरेच असणार! चष्मा बदलला. काचा स्वच्छ, नंबर नवा, आणि आम्ही दोघेही निश्चिंत.

त्यानंतर अकराव्या दिवशी सकाळी साडेसहा वाजता अण्णांच्या उजव्या हातातून पाण्याचा तांब्या गळून पडला. ते खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले. वहिनी धावल्या. अण्णा त्यांच्याकडे पाहून काही सांगू पाहत होते, पण तोंडातून शब्दाऐवजी नुसता आवाज निघत होता. मी पोहोचलो तेव्हा अंगणात दहा माणसे आणि दहा सल्ले होते. कोणी तेल कोमट करून चोळू लागला. कोणी म्हणाले, अमक्या गावी वाऱ्यावर नामी मात्रा देतात, तिकडे न्या. आम्ही खरोखरच नेले. मात्रा देणारे गृहस्थ बाहेरगावी गेले होते; त्यांची वाट पाहण्यात तास गेला. अखेर माझ्या पुतणीने कोणालाही न विचारता १०८ ला फोन केला. टेंभुर्णी ते सोलापूर अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास. इस्पितळाच्या दारात पोहोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “झटका नेमका किती वाजता आला?” मी सांगितले. त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि काही बोलले नाहीत. त्या न बोलण्याचा अर्थ मला मागाहून कळला. मेंदूच्या नळीत अडकलेली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन असते. ते झटक्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठ्या नळीतली गुठळी तारेने ओढून काढण्याचीही सोय आता मोठ्या शहरांत आहे आणि निवडक रोग्यांत ती चोवीस तासांपर्यंत करता येते. पण अण्णांची अडचण लहान नळीत होती, तिथे ती तार पोहोचण्याजोगी नव्हती. साडेचार तास आम्ही तेल चोळण्यात आणि मात्रेची वाट पाहण्यात घालवले होते.

अण्णा वाचले. उजवा हात दुबळा राहिला, पाय ओढत का होईना चालू लागला. पण शब्द गेले. समोर पाण्याचा पेला असायचा, तहान लागलेली असायची, ते बोटाने दाखवायचे आणि ‘पाणी’ हा शब्द मात्र सापडायचा नाही. डोळ्यांत पाणी यायचे. तोंडात ‘पाणी’ येत नसे. सहाव्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या खाटेजवळ कोणी तरी हरिपाठ म्हणू लागले आणि आमचे अण्णा त्यांच्या सुरात सूर मिसळून ओळीमागून ओळी म्हणत गेले. एकही शब्द चुकला नाही! वहिनींना वाटले, विठ्ठल पावला. हरिपाठ संपला, त्यांनी विचारले, “पाणी देऊ का?” अण्णा पुन्हा मुके.

याचा उलगडा डॉक्टरांनी केला. पॅरिसच्या पॉल ब्रोका या शल्यवैद्याकडे १८६१ साली एक रोगी होता. त्याला ‘तां’ एवढेच उच्चारता येई. तो वारल्यावर ब्रोकाने त्याचा मेंदू पाहिला आणि डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा आढळली. बहुतेक माणसांत वाणीचे ठाणे असे डावीकडे असते. पण पाठ झालेली गाणी, भजने, एक ते दहा आकडे यांची वाट थोडी निराळी असते. म्हणून नवा शब्द जुळवता न येणाऱ्यालाही जुने पाठांतर म्हणता येते. शरीराचा उजवा भागही डाव्या मेंदूच्याच ताब्यात. आर. के. लक्ष्मण यांना २००३ साली झटका आला तेव्हा त्यांची डावी बाजू लुळी पडली; चित्र काढणारा उजवा हात वाचला. कोणाचे काय जाईल ते असे बाजूवर ठरते.

मग डॉक्टरांनी अण्णांच्या मानेची सोनोग्राफी केली. मानेतली डावी मुख्य रक्तवाहिनी ऐंशी टक्के अरुंद झालेली. मी विचारले, “डॉक्टर, रोग मेंदूत आणि तुम्ही मान का तपासता?” ते म्हणाले, “सर, आधी मला सांगा, यापूर्वी यांना कधी एका डोळ्यापुढे अंधारी आली होती का? डाव्या?”

वाचकहो, त्या क्षणी माझ्या पायाखालची जमीन सरकली. पित्त! चष्म्याचा नंबर!

मानेतली जी डावी रक्तवाहिनी मेंदूच्या डाव्या भागाला रक्त पुरवते, तिचीच एक फांदी डाव्या डोळ्याला जाते. अरुंद जागेतून सुटलेला एखादा कण त्या फांदीत गेला तर डोळ्यापुढे पडदा येतो आणि कण विरघळला की पडदा वर जातो. तोच कण मेंदूत गेला तर उजवा हात आणि वाणी जाते. मिलर फिशर नावाच्या कॅनडातल्या वैद्यांना हे कोडे असेच एका रोग्याने घातले होते. त्याची लुळी बाजू एक आणि आधी अंधारलेला डोळा दुसऱ्या बाजूचा. फिशरना वाटले, हा गृहस्थ बाजू विसरला. तो म्हणाला, मुळीच नाही. तेव्हा फिशरनी मानेकडे लक्ष वळवले आणि १९५१ साली मानेतल्या रक्तवाहिनीचा व पक्षाघाताचा संबंध स्पष्ट मांडला. पुढे कधी तरी तिथे शस्त्रक्रिया करता येईल असेही त्यांनी लिहिले. तीनच वर्षांनी, १९५४ साली, लंडनच्या सेंट मेरीज इस्पितळात वारंवार झटके येणाऱ्या एका बाईवर तशी शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचे प्रसिद्ध झाले. आपल्या मुंबईचे डॉ. दलाल आणि त्यांचे सहकारीही या वाटेवर मागे नव्हते. पश्चिम भारतातल्या पक्षाघाताच्या रोग्यांच्या रक्तवाहिन्यांची क्ष-किरण चित्रे घेऊन केलेला त्यांचा अभ्यास १९६८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला.

माझ्यातला भाषेचा मास्तर अशा वेळीही गप्प बसत नाही. आपला ‘मान’ हा शब्द संस्कृत ‘मन्या’वरून आला. सुश्रुताने शरीरातली १०७ मर्मे सांगितली, त्यांत कंठाच्या दोन्ही बाजूंच्या ‘नीला’ आणि ‘मन्या’ या वाहिन्या येतात. त्यांना इजा झाली तर मुकेपण येते, आवाज बिघडतो, चव कळत नाही, असे तो म्हणतो. ग्रीकांनीही मानेतल्या या वाहिन्यांना गुंगीवाचक नाव दिले, कारण त्या दाबल्या तर माणसाला ग्लानी येते असा त्यांचा समज. इंग्रजीतला ‘कॅरॉटिड’ शब्द त्यातूनच आला. म्हणजे मान आणि वाणी यांचे नाते जुन्यांना जाणवले होते. ते कसे जुळले आहे, हे कळायला मात्र सतरावे शतक उजाडावे लागले. १६५८ साली वेफर आणि १६६४ साली थॉमस विलिस यांनी मेंदूच्या वाहिन्यांची मांडणी दाखवली. चार वाहिन्या, दोन मानेच्या पुढून व दोन मागच्या मणक्यांतून, मेंदूच्या तळाशी येऊन एका वर्तुळात मिळतात. त्या वर्तुळाला आजही विलिसचेच नाव आहे.

हे ऐकताच मला उजनीचा कालवा आठवला. धरण आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर. कालव्याचे पाणी चारीत, चारीतून पाटात, पाटातून दंडात. मी डॉक्टरांना म्हणालो, “कळलं! पाटात गाळ साचला, टेलच्या शेताला पाणी कमी पडलं, पीक वाळलं.”

डॉक्टर हसले. “सर, तुमचा पाट निम्माच खरा. दोन ठिकाणी तुम्ही चुकता.”

पहिली चूक अशी. माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे दोन टक्के; पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण सातवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला जवळजवळ पाऊण लिटर, तो एकटा घेतो. शंभर ग्रॅम मेंदूला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त लागते. ते २० च्या खाली गेले की काम थांबते, १० च्या खाली गेले की पेशी मरू लागतात. असा हा चोखंदळ पाहुणा असल्यामुळे शरीराने त्याची सोयही तशीच केली आहे. एक कालवा अरुंद झाला तर विलिसच्या वर्तुळातून पलीकडचे पाणी इकडे वळते. शिवाय मेंदूतले लहान दंड आपण होऊन रुंद होतात. म्हणून मानेतली वाहिनी निम्मी बुजली तरी माणसाला पत्ता लागत नाही. मात्र हे वर्तुळ पुष्कळांत अपुरे असते आणि रुंद होण्यालाही मर्यादा असते. सगळे दंड आधीच पूर्ण उघडून बसले असतील, तर अडीअडचणीला आणखी उघडणार काय? शिल्लक संपलेल्या संसारासारखी ही स्थिती. वरून सारे ठीक, आणि एक आजारपण आले की दिवाळे.

ही शिल्लक मोजण्याची युक्ती मोठी साधी आहे. श्वास रोखला की रक्तात कर्बवायू वाढतो आणि कर्बवायू वाढला की मेंदूच्या वाहिन्या रुंद होतात. आस्लिड या नॉर्वेजियन संशोधकाने १९८२ साली कवटीच्या आरपार ध्वनिलहरी पाठवून मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजून दाखवला. रोग्याला अर्धे मिनिट श्वास रोखायला सांगायचे आणि वेग किती वाढतो ते पाहायचे. वाढला तर शिल्लक आहे. न वाढला तर गंगाजळी आटली. इटलीतल्या संशोधकांनी २००० साली मानेतली वाहिनी अरुंद असूनही काहीच त्रास न झालेल्या ९४ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची शिल्लक शाबूत होती त्यांना झटक्याचा धोका वर्षाला शेकडा सुमारे ४ होता; ज्यांची आटली होती त्यांना शेकडा सुमारे १४. (कृपा करून हा प्रयोग घरी करून पाहू नये. यंत्रावाचून त्याला काही अर्थ नाही.)

माझी दुसरी चूक गाळाविषयीची. गाळ पाटाच्या तळाशी बसतो. रक्तातली चरबी तशी आतल्या पृष्ठभागावर बसत नाही. ती नळीच्या भिंतीत शिरते. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते प्रथिनांच्या वेष्टनात बांधून रक्तातून हिंडवले जाते. त्यातली एलडीएल नावाची गाठोडी भिंतीच्या अस्तराखाली जाऊन पडतात. ती उचलायला आलेल्या पेशी चरबी खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. वर साय धरावी तसा पापुद्रा येतो. हा फोड पुष्कळदा वर्षानुवर्षे शांत असतो. एखाद्या दिवशी पापुद्रा फाटतो, रक्त त्याला लागून गोठते आणि गुठळीचे तुकडे प्रवाहाबरोबर वर जातात. अण्णांच्या डोळ्यापुढचे शटर म्हणजे असा एक तुकडा. अकराव्या दिवशीचा त्याहून मोठा. म्हणजे पाणी कमी पडणे हा धोका आहेच, पण बांध फुटून ढेकूळ वाहून येणे हा त्याहून जास्त वेळा घडणारा धोका. आणि रक्तात चरबी फार असली की अस्तरच बिघडते. वाहिनी रुंद करणारा जो वायू ते तयार करते तो कमी पडतो. म्हणजे चरबी गाळही आणते आणि दाराची बिजागरीही गंजवते!

यावर उतारा सापडला तो बुरशीत. जपानच्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरश्या तपासल्या आणि १९७३ साली तांदळावरच्या एका निळसर हिरव्या बुरशीत कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारे द्रव्य त्यांना मिळाले. त्या कुळातले पहिले औषध १९८७ साली बाजारात आले. स्टॅटिन म्हणतात ती गोळी हीच. तिने एलडीएल उतरते आणि फोडावरचा पापुद्राही बळकट होतो. फ्रान्स आणि दक्षिण कोरियात २८६० रोग्यांवर केलेली एक चाचणी २०१९ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. झटका येऊन गेलेल्यांचे एलडीएल ७० च्या खाली ठेवले तर हृदय व मेंदूच्या मोठ्या घटना शेकडा ८.५ जणांत घडल्या. ते ९० ते ११० मध्ये ठेवले तर १०.९ जणांत. फरक डोळे दिपवणारा नाही, पण ज्याच्या घरात तो घडला नाही त्या घराला विचारा.

मानेतली वाहिनी फार अरुंद असेल आणि तिच्यामुळे झटका आला असेल, तर ती उघडून आतला फोड खरवडून काढतात. उत्तर अमेरिकेतल्या १९९१ च्या मोठ्या चाचणीत अशा रोग्यांना दोन वर्षांत त्याच बाजूचा झटका येण्याचे प्रमाण नुसत्या औषधांवर शेकडा २६ आणि शस्त्रक्रियेनंतर ९ निघाले. ती जितक्या लवकर, शक्यतो दोन आठवड्यांत, होईल तितकी बरी. अण्णांची पुण्याला बाराव्या दिवशी झाली. मानेवर बोटभर व्रण आहे. वारकऱ्यांच्या माळेखाली तो दिसत नाही.

आता थोडे आपल्या सर्वांविषयी. महाराष्ट्र धरून चार प्रदेशांत झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका सरकारी पाहणीत शेकडा ७९ लोकांच्या रक्तातल्या चरबीत काही ना काही दोष आढळला. शेकडा ७२ जणांत एचडीएल, म्हणजे चांगली म्हणतात ती चरबी, कमी होती. मुंबईतल्या २००५-०६ च्या मोजणीत पंचविशीपुढच्या दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे १४५ जणांना पहिला झटका आला आणि त्यांतले शेकडा ३० महिनाभरात गेले. हा आजार केवळ साहेबाचा किंवा गादीवरच्या शेठजींचा नव्हे. दिवसभर उसाच्या फडात राबणाऱ्या अण्णांना तो झाला. तंबाखू, वाढलेला रक्तदाब, साखर आणि चरबी ही चौघे मिळून काम करतात. घाम गाळला म्हणून ती सोडत नाहीत. अण्णांचा रक्तदाब साठ वर्षांत कोणी मोजलाच नव्हता. कारखान्याच्या काट्यावर उसाचे वजन मात्र आम्ही दोनदा तपासून घेत होतो!

फराळाविषयी भिववायचे मनात नाही. आपल्या सोलापूरची करडई घ्या. तिचे तेल एलडीएल उतरवायला मदत करते. ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी यांच्याशी कोणत्याही डॉक्टरांचे वैर नाही. वैर आहे ते वनस्पती तुपाशी आणि कढईत पुन्हापुन्हा तापवलेल्या काळ्या तेलाशी. आणि चंचीशी. अण्णांनी ती चंद्रभागेत सोडली.

दोन वर्षे झाली. लुई पाश्चरला १८६८ साली झटका येऊन डावी बाजू अधू झाली होती, आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरची त्याची लस १८८५ सालची, हे मी अण्णांना सांगत असतो. रोज संध्याकाळी मी त्यांचा मास्तर होतो. सुरुवात हरिपाठाने. ओळ म्हणता म्हणता मी मधेच थांबतो, पुढचा शब्द ते देतात. मग तोच शब्द वेगळा काढून वाक्यात घालायचा. अशा रीतीने एकेक शब्द घरी परत आणतो आहोत. ‘पाणी’ चौथ्या महिन्यात आला. ‘मास्तर’ आठव्या. गेल्या आठवड्यात मी विचारले, “अण्णा, काय झालं होतं तुम्हाला?” बराच वेळ ओठ हलले. मग एकेक अक्षर वेचून ते म्हणाले, “वारं... नव्हतं. गाठ... होती.”

वीस वर्षांत माझ्या वर्गातल्या एकाही विद्यार्थ्याने इतके अचूक उत्तर दिलेले नाही.

म्हणून हे सणात सांगितले. या भाऊबीजेला भाऊ पाटावर बसेल. ओवाळून झाले की, बहिणींनो, त्याला एवढेच विचारा: दादा, रक्तदाब कधी मोजलास? साखर, चरबी कधी तपासलीस? एका डोळ्यापुढे कधी अंधार आला होता का? हातातून कधी वस्तू गळून पडली, बोलताना जीभ अडखळली आणि मग आपोआप ठीक झाली, असे झाले का? ‘हो’ म्हणाला तर करंजी बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आणि कोणाचे तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे समजेना, तर तेल, मात्रा, देवऋषी, प्राध्यापक यांपैकी कोणाचीही वाट पाहू नका. घड्याळ पाहा आणि १०८ फिरवा.

ओवाळणी म्हणून यंदा आमच्या आक्काने माझाही रक्तदाब मोजून घेतला. थोडा वाढलेला निघाला. गोळी सुरू आहे.